खापर खाणावळीच्या माथी

गेल्या वैशाखात आमच्या रत्नागिरीत कोकणच्या पर्यटनाविषयी एक सभा भरली होती. मुख्य वक्ते वयाने वडील, अनुभवाने पोक्त आणि वाणीने गोड होते. समुद्रकिनारे, किल्ले, देवळे, रस्त्यांवरील खड्डे इत्यादी विषयांचा यथास्थित परामर्श घेऊन अखेरीस ते अन्नावर आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुंबई-पुण्याचा माणूस घाट उतरून एवढ्या लांब येतो आणि त्याच्या पानात पडते काय, तर पनीर ! जे त्याच्या घराखालच्या हॉटेलात मिळते, तेच येथे. आमच्या आजीच्या हातचे पदार्थ ह्या हॉटेलवाल्यांनी बुडविले. सबब सरकारने व नागरिकांनी त्यांच्यावर दडपण आणून अस्सल कोकणी पदार्थ ठेवावयास लावले पाहिजेत. ह्या वाक्याला टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्यात प्रस्तुत लेखकाच्या दोन हातांचाही वाटा होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

सभा संपल्यावर अल्पोपाहार होता. कागदी बशीत एकेक सामोसा, लाल चटणीची पुडी आणि बाटलीतले नारिंगी रंगाचे पेय. सभागृहाच्या आवारातच रातांब्याचे एक झाड आहे. ते त्या दिवशी फळांनी लालभडक झाले होते, आणि खाली पडलेल्या रातांब्यांवरून पाय घसरू नये म्हणून आम्ही सर्व मंडळी जपून पावले टाकीत होतो. वक्ते महाशयांनीही ते नारिंगी पेय संतोषाने घेतले. त्या झाडाखाली उभ्या उभ्या मला माझ्या टाळ्यांची लाज वाटली. ती लाज नुसती मनात ठेवण्यापेक्षा तिची कारणमीमांसा वाचकांपुढे मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

माझा सिद्धान्त साधा आहे. खाणावळ हा घरच्या चुलीचा आरसा होय. जे गाव आपल्या घरी ऋतू शिजवीत नाही, त्याला तो ऋतू हॉटेलात मागण्याचा अधिकार नाही. आणि मागितला तरी तो मिळणार नाही. आरशात दिसणाऱ्या मुखाला डाग असेल तर आरसा पुसून उपयोग काय?

हॉटेलवाल्याची बाजू अशा सभांत कोणी मांडीत नाही. म्हणून प्रथम तीच मांडतो. त्याला जे पदार्थ परवडतात ते तीन अटींत बसावे लागतात. ते बारा महिने मिळाले पाहिजेत, आगाऊ तयार करून ठेवता आले पाहिजेत, आणि घाईत असलेल्या परगावच्या माणसाला त्यांचे नाव ठाऊक असले पाहिजे. पनीर ह्या तिन्ही अटी पुऱ्या करते. कांदा-टोमॅटोचा एक तांबडा रस्सा सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवला, की त्यातून दहा नावांच्या दहा भाज्या दहा मिनिटांत निघतात. ऋतूची भाजी ह्या तिन्ही अटी मोडते. टाकळा पहिल्या पावसानंतर उगवतो आणि दोन-तीन आठवड्यांत जून होऊन कडवटतो. शेवळे आज बाजारात दिसली तर उद्या दिसतीलच असे नाही. फणसाची कुयरी चिरावी तर हाताला, सुरीला, पाटाला चीक. आणि त्यासाठी वेगळा माणूस बसवावा लागतो. एवढे करून परगावच्या गिऱ्हाइकाने 'टाकळा म्हणजे काय?' असे विचारले आणि शेवटी पनीरच मागितले, तर ती पातेलीभर भाजी रात्री कोणी खावयाची?

बरे, गिऱ्हाईक तरी ऋतू पाहून मागणी करते काय? पावसाळ्यातले जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. मासळीच्या विणीचा तो काळ. शिवाय समुद्र खवळलेला. मिरकरवाडा बंदरात त्या दिवसांत नौका झाकून ठेवलेल्या असतात, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. आमच्या घरी मासे शिजत नाहीत; परंतु ज्यांच्या घरी शिजतात ते शेजारी त्या दिवसांत सोडे, सुकट, सुके बांगडे, खाडीतले खेकडे आणि ओढ्यांत चढणीला लागलेले मासे खातात. प्रवासी मात्र भर आषाढात जाडजूड सुरमईचा तुकडा मागतो, आणि तो आणून दिला जातो; मग तो बर्फात किती दिवस होता हे विचारावयाचे नसते. येथे फसवणूक कोणी कोणाची केली? मागणाऱ्याने निसर्गाकडे पाठ फिरविली आणि देणाऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरविली नाही, इतकेच.

पाट्यांचीही तीच कथा. रत्नागिरीतल्या हॉटेलांवर 'मालवणी जेवण' अशा पाट्या दिसतात. मालवण हे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते, आणि तेथल्या पाकसिद्धीविषयी मला आदरच आहे. परंतु रत्नागिरीच्या कुणब्याची भाकरी, खारव्याचे कालवण, भंडाऱ्याच्या घरचे सार, चित्पावनाची सांदणे, कोकणी मुसलमानाच्या घरची सांदणे, ह्यांपैकी कशाचीच पाटी लागत नाही. कारण आमच्या स्वतःच्या अन्नाला नाव आहे हेच आम्हांला आठवत नाही. जे आपल्या तोंडी नाही ते पाटीवर यावे कोठून?

आता घरांकडे वळू. मी चाळीस मैलांच्या परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवितो. दोन वर्षांपूर्वी आषाढाच्या सुरुवातीस, निबंधलेखनाचा तास चालू असता, मी वर्गाला सहज विचारले, "ह्या आठवड्यात घरी टाकळ्याची भाजी कोणी कोणी खाल्ली?" चार-दोन हात वर झाले. पुष्कळांना तो कोणत्या झाडाचा पाला हेही ठाऊक नव्हते. आणि खिडकीबाहेर कुंपणापर्यंत टाकळा माजला होता! तास संपल्यावर एक मुलगा माझ्या मागोमाग आला. अंमळ घुटमळला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडे रोज तीच असते, म्हणून मी हात वर केला नाही."

हे वाक्य मी आजवर विसरू शकलो नाही. आमच्या सुशिक्षित वर्गाने ऋतूचे अन्न सोडले एवढेच झाले असते तर ती केवळ एका आवडीची हानी होती. परंतु ज्यांनी ते सोडले नाही त्यांना त्याची लाज वाटावयास आम्ही लावले, हा अपराध त्याहून मोठा आहे. पाला, कंद, कुळीथ, नाचणी ही गरिबीची खूण; पाव, सामोसा आणि पनीर ही बरे दिवस आल्याची खूण, असा हिशेब आम्ही कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून त्या मुलाला शिकविला. पुढे तोच नाचणीचा पापुद्रा शहरात रंगीत वेष्टनात आरोग्यदायी म्हणून चढ्या भावाने विकला जातो, तेव्हा आम्ही तो कौतुकाने विकत आणतो, आणि त्या मुलाच्या आईची भाकरी मात्र पूर्वी होती तेथेच राहते.

माझ्या सिद्धान्ताचा पुरावा कोणी मागेल, तर तो रत्नागिरीतच आहे. आमच्या गावात कोणत्याही फळवाल्याला स्थानिक माणसाच्या गळ्यात भलता आंबा मारता येणार नाही. शाळकरी मुलगा देठाचा वास घेऊन सांगतो, की हा झाडावर तयार झालेला, हा अवेळी उतरविलेला, हा आपल्याकडचा नव्हेच. हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८ साली. त्या शिक्क्याची गरज परगावच्या गिऱ्हाइकाला होती, आम्हांला नव्हती. आंब्याच्या बाबतीत आम्ही घरोघर जाणते आहोत, म्हणून आंब्याच्या बाबतीत आमची फसगत होत नाही. मग फणसाच्या, अळवाच्या, कुळथाच्या बाबतीत आम्ही अडाणी का झालो? केरळ राज्याने २०१८ साली फणसाला राज्यफळाचा मान दिला. आमच्याकडे ज्येष्ठात तो झाडाखाली पडून फुटतो आणि त्याच्यावर माश्या घोंगावतात. आणि त्याच वेळी आमच्या घरात कोबी चिरला जात असतो.

बाहेरच्या जगाचा दाखला हवा असेल तर इटलीकडे पाहावे. १९८६ साली रोम शहरातील एका प्रसिद्ध चौकात अमेरिकन धर्तीचे झटपट खाण्याचे दुकान निघाले, तेव्हा तेथील लोकांनी निषेध केला. आणि कार्लो पेत्रिनी ह्यांच्या पुढाकाराने 'स्लो फूड' ह्या नावाची जी चळवळ उभी राहिली, तिचे मूळ ह्या निषेधात आहे. आमचे वक्ते ह्या गोष्टीवरून असे अनुमान काढतील, की पाहा, निषेध केला म्हणजे काम होते. मला त्यातून वेगळेच दिसते. ज्या गावात शेजारच्या मेजावर बसलेला माणूस आपल्या घरी तोच पदार्थ परवाच जेवलेला असतो, त्या गावातल्या खाणावळवाल्याला वाईट रांधण्याची छाती होत नाही. निषेधाला जोर आला तो निषेध करणाऱ्यांच्या घरी चूल पेटलेली होती म्हणून. आमच्या टाळ्यांच्या मागे ती चूल कोठे आहे?

येथवर माझे म्हणणे मान्य करणारे वाचकही आता दोन आक्षेप घेतील. दोन्ही वजनदार आहेत, आणि त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप असा, की घरच्या अन्नाचे गोडवे गाणारा माणूस अखेरीस सोवळ्याओवळ्याच्या कोठडीतच नेऊन पोचवितो. बाहेर खाणे ही सुधारणा होती, तिला तुम्ही नाके मुरडता ! हे मला पूर्णपणे मान्य आहे, की बाहेर खाणे ही फार मोठी सुधारणा होती. आणि रत्नागिरीकराने तर ती कधीही विसरू नये. १९२७ साली महाडला सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३३ साली, रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने येथे अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. जात न विचारता कोणीही तेथे बसून चहा घ्यावा, हा त्याचा उद्देश होता. ज्या समाजात शेजाऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या समाजाला हॉटेलातल्या सामाईक कपाने जे शिकविले ते पुष्कळ व्याख्यानांनी शिकविले नाही. म्हणून हॉटेलांचा मी द्वेष्टा नाही. उलट मी म्हणतो, की ते काम अर्धवट राहिले आहे. आम्ही एका टेबलाशी बसून एकच पनीर खाऊ लागलो. पण एकमेकांच्या घरचे अन्न अजून आम्ही खाल्ले नाही. कुणब्याच्या घरची आंबील, कोळ्याच्या घरचे सुके, मुसलमान शेजाऱ्याच्या घरची तांदळाची भाकरी ही पानात आल्यावाचून ते सहभोजन पुरे झाले असे मी मानीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. एक विदुषी मला म्हणाल्या, "प्राध्यापकमहाशय, साध्या ऋतूमानाच्या अन्नावर तुम्ही लिहिणार, पण तो पाला निवडणार कोण? नारळ खवणणार कोण?" ह्या प्रश्नाला उत्तर न देता आजवर घरच्या अन्नाची जेवढी स्तोत्रे लिहिली गेली, ती सर्व मला अप्रामाणिक वाटतात. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' ह्या १९३५ सालच्या पुस्तकात अळणी भाजीची एक कथा आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील एक शब्द न बोलता ती भाजी जेवतात. आमच्याच जिल्ह्यातल्या पालगडच्या त्या घरातला तो संयम वाचून आम्हां सर्वांचे डोळे पाणावले आहेत. मी तो पाठ अनेकदा शिकविला. आणि अनेकदा शिकवूनही मला हे कधी सुचले नाही, की घरातल्या पुरुषाचा मोठेपणा 'न बोलता जेवणे' येथवरच येऊन का थांबावा? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि शंभरांतले अवघे २६ पुरुषच त्या कामाला हात लावतात, असे तीत आढळले. ह्या आकड्यांपुढे 'आजीच्या हातची चव' हे शब्द उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. त्या आजीच्या हाताला कोणी विचारले होते काय?

तेव्हा माझे उत्तर स्पष्ट आहे. ऋतूचे अन्न घरात परत यावयाचे असेल, तर ते पुरुषांच्या हातांनी आले पाहिजे. निदान निम्मे तरी. ह्यात परंपरेला बाध येतो असे ज्यांना वाटते त्यांना परंपरेची माहिती कमी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले. त्यांचा 'माझा प्रवास' पुढे १९०७ साली छापून निघाला. त्या काळचा भिक्षुक प्रवासात स्वहस्ते रांधून जेवत असे. कारण सोवळ्याचे होते, ते आपण टाकून दिले हे योग्यच. पण त्याबरोबर पुरुषाच्या हातातले कौशल्यही टाकून दिले, हे मात्र योग्य झाले नाही. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पुरुषांच्या मागे त्यांचे जेवण सांभाळले ते खाणावळी चालविणाऱ्या बायांनी. त्या बायांची संघटना प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा' ह्या नावाने बांधली, तेव्हा कोठे रांधणे हे श्रमाचे आणि मोलाचे काम आहे, हे जगापुढे आले. घरात तेच काम अद्याप प्रेमाच्या नावावर फुकट चालते.

मी हे उपदेशकाच्या आसनावरून बोलत नाही. उशिरा शिकलेल्या विद्यार्थ्याच्या बाकावरून बोलतो. तीन वर्षांपूर्वी मृगाच्या पावसात आमच्या अंगणातल्या शेवाळावरून घसरून पत्नीचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. पहिले पंधरा दिवस बाहेरून डबा आणला. त्या डब्यात काही खोट नव्हती; पण सोमवार आणि गुरुवार ह्यांत त्याला फरक ठाऊक नव्हता, मग ज्येष्ठ आणि पौष ह्यांतला कोठून असणार? सोळाव्या दिवशी मी मंडईत गेलो. रस्त्याच्या कडेला पोत्यावर टाकळ्याच्या जुड्या मांडून एक बाई बसली होती. तिला विचारले, "मावशी, ही करतात कशी?" तिने माझ्याकडे आणि माझ्या छत्रीकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "कोवळी पाने तेवढी खुडा, भाऊ. देठ घेतलात तर घरच्यांची बोलणी खाल."

मी देठ घेतले, आणि बोलणीही खाल्ली. आमच्या घरी श्यामच्या वडिलांचा संयम चालला नाही. पत्नीने पहिला घास घेऊन सांगितले, "कडू झालीय. उद्या पाने नीट निवडा, आणि आठळ्या आधी उकडून घ्या." पन्नाशी उलटलेल्या, दोन विषयांत एम. ए. झालेल्या गृहस्थाला आयुष्यात इतके उपयुक्त परीक्षण क्वचितच मिळाले असेल. तिसऱ्या दिवशी भाजी साधली. ती साधली त्या दिवशी मला जे कळले ते असे, की ज्याला आम्ही आजीच्या हाताचे गूढ म्हणतो, ते पुष्कळसे दोन-तीन दिवसांच्या चुकांनी उलगडणारे आहे. कमलाबाई ओगले ह्यांच्या 'रुचिरा' ह्या १९७० सालच्या पुस्तकाने वाटी-चमच्याची मापे देऊन हे गूढ कधीच उकलून ठेवले आहे. आम्हीच ते पुस्तक मुलीच्या लग्नात तिच्या हाती देतो आणि मुलाच्या हाती देत नाही.

शिवाय ऋतूचे अन्न हे मुळात साधे असते, ही गोष्ट आम्ही विसरतो. हॉटेलातल्या जेवणाची नक्कल घरी करू गेल्यास दुपार जाते. ऋतूची भाजी अर्ध्या तासात होते, कारण चव देण्याचे काम पावसाने आणि मातीने आधीच केलेले असते. चैत्रात कैरी उकडून तिचा गर गूळ-वेलदोड्यात कालविला, की पन्हे झाले. वैशाखात रातांबे फोडून त्यांच्या साली साखरेसह बरणीत भरून उन्हात ठेवल्या, की सरबताचा वर्षभराचा पाक आपोआप सुटतो. माणसाला काही करावयाचे उरत नाही. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुरडू. कांद्यावर परतावी, मूठभर भिजविलेली डाळ आणि खोबरे घालावे. अळू आणि शेवळे खाजरी. त्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात, म्हणून त्यांना चिंच, आमसूल किंवा काकडाची आंबट फळे घालून नीट शिजविण्याचा परिपाठ आहे. हा परिपाठ ज्यांनी घालून दिला त्या बायांनी रसायनशास्त्राचे नाव ऐकले नव्हते. आणि ज्यांनी ते शास्त्र शिकले त्यांना अळू कसे चिरावे हे येत नाही! भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी म्हणजे परसातल्या साऱ्या भाज्यांचे संमेलनच. थंडीत करांदे आणि कणंगरे मिठाच्या पाण्यात उकडावीत, वालाचे बिरडे करावे. आणि कोणत्याही रात्री, कोणत्याही ऋतूत, घरी उशिरा पोचलेल्या माणसाला दहा मिनिटांत कुळथाचे पिठले आणि मऊ भात करता येतो. लसणीची फोडणी, पाणी, दोन आमसुले, कालविलेले पीठ आणि एक उकळी. ज्याला हेही जमणार नाही त्याने पर्यटनावर भाषण करू नये.

राहिली प्रवासाची गोष्ट. मी बाहेर खाऊ नका असे सांगत नाही. आंधळेपणाने खाऊ नका असे सांगतो. माझ्या विद्यार्थिदशेत आंबा घाट चढून कोल्हापूरला जाताना आई दशम्या आणि लसणीची चटणी फडक्यात बांधून देई, आणि एस. टी. थांबे तेथे मी ती फडक्यासह लपवून ठेवून वडा घेई. त्या वड्याचा मला आज पश्चात्ताप नाही, लपविण्याचा आहे. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली आणि मुंबई एका दिवसाच्या पल्ल्यात आली. आता तर शिदोरी बांधणे हे कंजूषपणाचे लक्षण समजतात. मी अलीकडे असा नेम केला आहे, की प्रवासात एक जेवण घरून न्यावे आणि एक बाहेर घ्यावे. बाहेर बसल्यावर छापील यादी मिटून ठेवावी आणि वाढणाऱ्याला विचारावे, "आज तुमच्या घरी काय शिजलंय?" ह्या प्रश्नाने पुष्कळदा माणूस गोंधळतो, पण कित्येकदा त्याचा चेहरा उजळतो, आणि आतून मालकाच्या घरची वाटीभर उसळ किंवा कढी येते. गणपतीपुळे-गुहागरच्या वाटेवर घरगुती जेवण देणाऱ्या कुटुंबांकडे हा प्रश्न विचारावाही लागत नाही. तेथल्या गृहिणींना पैसे द्यावेत ते मोजून आणि भरपूर. कारण आपण तेथे कोणाच्या तरी श्रमाचे पान जेवतो, आईच्या मायेचे नव्हे. आणि तेथेही ज्याला पनीरच हवे असेल, त्याने ते घरीच खाऊन मग प्रवासाला निघावे.

हॉटेलवाल्यांवर सक्ती करण्याची कल्पना मला ह्यामुळेच पोरकट वाटते. सरकारी हुकुमाने पाटी बदलेल, टाकळा शिजणार नाही. त्यांच्यासाठी एवढेच पुरे, की यादीच्या तळाशी 'आजची भाजी' अशी एक ओळ कोरी सोडावी आणि रोज खडूने भरावी. ती ओळ टिकेल की पुसली जाईल, हे रत्नागिरीकरांवर अवलंबून आहे. आम्ही ती मागितली, जाणतेपणाने चाखली, कडू असल्यास तोंडावर सांगितले, तर चार वर्षांत ती ओळ यादीच्या माथ्यावर जाईल. आम्ही नुसत्या टाळ्या वाजविल्या, तर तेथे पुन्हा पनीरच लिहिले जाईल, आणि त्याचा दोष आमच्याकडे राहील.

त्या सभागृहाच्या रखवालदाराची परवानगी घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्या झाडाखालचे रातांबे पिशवीभर वेचून आणले. बरणी आमच्या घरी आहे आणि पाक उत्तम सुटला आहे. पुढल्या वर्षी ती सभा पुन्हा भरेल, तेव्हा मी ती घेऊन जाणार आहे. वक्ते महाशयांना माझी नम्र विनंती आहे, की त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला एक पदार्थ डब्यात घालून आणावा. मग हॉटेलांविषयी त्यांना जे बोलावयाचे असेल ते खुशाल बोलावे. मी टाळ्या वाजवीन.